खाऱ्या वाऱ्यातली एस्टीम

[दृश्य: मोकळा सडा, लाल वाट, लांबवर समुद्र]

मोटर रेसिंगचं कायमस्वरूपी सर्किट कोकणात नाही. सपाट जागा आहेत, नजर पुरणार नाही एवढे सडे आहेत. पण सड्यावर जांभा, म्हणजे लाल सच्छिद्र दगड. चाकाखाली तो आधी खडखडतो आणि मग भुगा होऊन घसरवतो. मोठा रस्ता म्हणाल तर मुंबई–गोवा महामार्ग. तिथे शर्यत लावणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 189 आहे: पहिल्या गुन्ह्याला 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही फिल्म ट्रॅकवर पळवायला तयार केलेल्या एका जुन्या एस्टीमची आहे, तिच्यात रस्त्यावर कुणीही गाडी उडवताना दिसणार नाही. त्यासाठी बघत असाल तर इथेच थांबा.

वेग हवा तर लांब जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला 3.7 किलोमीटरचं सर्किट 1990 पासून आहे. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. ग्रेटर नोएडात 5.125 किलोमीटरचं बुद्ध सर्किट आहे, जिथे फॉर्म्युला वन 2011 ला आली आणि 2013 नंतर परत फिरकली नाही. आणि कोइमतूरजवळ आहे करी मोटर स्पीडवे. 2003 पासून सुरू असलेला, जेमतेम 2.1 किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. परदेशी गाडी आणायची ऐपत नसलेल्यांना शर्यतीत उतरता यावं म्हणून मारुतीचं इंजिन घेऊन देशी रेसिंग कार बांधणारे हे गृहस्थ. हौशी माणसाला करी आवडतो, कारण छोट्या ट्रॅकवर छोटी गाडीही हास्यास्पद दिसत नाही.

आपली गाडी तिकडेच जाणार आहे. सध्या मात्र ती कुडाळच्या एका गॅरेजात आहे, चार लाकडी ठोकळ्यांवर, चाकांशिवाय.

[दृश्य: गॅरेज. उघडी पडलेली गाडी, सीट बाहेर, गालिचा उलटलेला]

मारुती एस्टीम. एके काळी कोकणात मुंबईकर चाकरमानी गणपतीला एस्टीम घेऊन आला की वाडीतली पोरं बोनेटला हात लावून बघायची. आता हीच गाडी भंगाराच्या भावात मिळते. पंधरा वर्षं उलटली की पुन्हा नोंदणी, फिटनेस, कर. त्यापेक्षा देऊन टाकलेली बरी, असं म्हणून एकाने ती विकली आणि आंब्याचा धंदा करणाऱ्या एका तिशीतल्या गृहस्थाने घेतली.

निवड भावनेतून झालेली नाही. 1.3 लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, 85 अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण गाडी नऊशे किलोच्या आतबाहेर, तीही सीट, गालिचा, आवाज अडवणारं डांबर काढायच्या आधी. हलकी गाडी कमी अंतरात थांबते, वळणात टायरला कमी ओरबाडते, ब्रेक कमी तापवते. शिवाय राष्ट्रीय शर्यतींत एस्टीम वर्षानुवर्षं पळाली आहे. तिच्यात काय टिकतं आणि काय तुटतं, ते आपल्या आधी इतरांनी पैसे घालवून शोधून ठेवलंय.

खरं काम गालिचा उचलल्यावर सुरू झालं.

घाटावरच्या जुन्या गाडीत आणि किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीत फरक असतो, तो खालून दिसतो. इथे चार महिने पाऊस, आणि उरलेले आठ महिने हवेत मीठ. मिठाला ओल लागते आणि ओलीला बसायला कोपरा. दरवाजांखालचे पोकळ पत्रे, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, शॉक अॅब्झॉर्बर वर जिथे बोल्टने धरलेला असतो तो भाग: लाल चिखल तिथे एकदा बसला की सुकत नाही, आणि आतून पत्रा खात राहतो. वरचा रंग मात्र शाबूत. त्यामुळे कोकणातली गाडी डोळ्यांनी बघून घ्यायची नसते, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत घ्यायची. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला नुसता धप्प म्हणतो, आणि कधीकधी स्क्रू-ड्रायव्हर आत जातो.

मालकाला पहिल्या दिवसापासून रोल केज हवा होता. गाडी उलटली तर छप्पर खाली येऊ नये म्हणून आतून बसवायचा पोलादी नळ्यांचा सांगाडा. फोटोतही तो छान दिसतो. गॅरेजातले मेस्त्री काही बोलले नाहीत. डाव्या बाजूच्या पत्र्यावर त्यांनी दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "खाली पत्रोच नाय रवलो, तर पिंजरो धरतलो कशाक?"

रोल केजचा सगळा भार शेवटी तळाच्या पत्र्यावर येतो. नळी कितीही जाड असो, ती कुजक्या पत्र्यावर वेल्ड केली तर गाडी उलटताना ती पत्रा फोडून खाली जाईल. म्हणून आधी कापाकापी. कुजलेलं कापायचं, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत राहायचं, नवा तुकडा वेल्ड करायचा, प्रायमर, सीलर, आणि पोकळ भागात मेण फवारायचं. यात पावसाळा गेला. अख्खा. बाहेर धो धो पाऊस आणि आत ग्राइंडरचा आवाज, असंच बरंचसं चित्रीकरण आमच्याकडे आहे. तुम्हाला त्यातली दहा सेकंदं दाखवतो.

[दृश्य: ग्राइंडरच्या ठिणग्या, मागे पागोळ्या]

आता ब्रेक. इथे मात्र आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

गाडी मॉडिफाय करणारे बहुतेक जण सुरुवात करतात सायलेन्सरपासून. आवाज वाढतो, वेग वाढल्यासारखं वाटतं, शेजारी वैतागतात. मालकही तिथूनच सुरू करणार होता. कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), एअर फिल्टर, सायलेन्सर अशी यादी मोबाइलमध्ये तयार होती. मेस्त्रींनी ती शांतपणे वाचली. "झिला, गाडी किती धावता ता नंतर बघू. थांबता खय, ता आधी सांग."

ताशी 120 वरून गाडी थांबवायला 60 वरून थांबवण्याच्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते, दुप्पट नव्हे. ती सगळी उष्णता होऊन चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कमध्ये आणि तिला चिमटणाऱ्या पॅडमध्ये जाते. रस्त्यावर दोन ब्रेकांच्या मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर दर फेरीला त्याच त्या वळणांवर पूर्ण जोराने ब्रेक, आणि डिस्क निवायच्या आत पुढचं वळण. एस्टीमला पुढे डिस्क, मागे ड्रम. म्हणजे मुख्य भार पुढच्या जोडीवरच. साधे पॅड एवढ्या तापात गुळगुळीत होतात, पाय दाबूनही पकड येत नाही. म्हणून जास्त तापमानाचे पॅड. ते थंड असताना मात्र बोथट चावतात, सकाळी पहिल्या सिग्नलला घाम फोडतात.

आणि ब्रेक ऑइल. नावात ऑइल असलं तरी हे तेल नव्हे, आणि ते हवेतली वाफ शोषतं. बाटली नवी असताना डॉट 4 या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे तो 155 पर्यंत खाली आलेला चालतो. जुन्या डॉट 3 चं हेच गणित 205 वरून 140. ट्रॅकवर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापला की त्यातलं ते मुरलेलं पाणी उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय थेट तळाला जातो आणि गाडी सरळ जात राहते.

इतरत्र लोक दोन वर्षांनी ऑइल बदलतात. कुडाळात, जिथे जुलैत मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं तर मीठ पाझरतं, तिथे मेस्त्रींचा नियम वेगळा: ट्रॅकला जायच्या आठवड्यात नवी, सीलबंद बाटली. उरलेलं ऑइल पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. मालकाला हे उधळेपण वाटतं. आम्हाला नाही वाटलं.

[दृश्य: काचेच्या बाटलीत जुनं तपकिरी ऑइल, शेजारी नवं]

इंजिनाचं थोडक्यात. उघडलं, रिंगा आणि बेअरिंग बदलली, सिलिंडर हेडची जागा सपाट करून घेतली. लांबलचक वळणात सगळं इंजिन ऑइल एका बाजूला धावतं आणि पंपाचं तोंड कोरडं पडतं, म्हणून इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड केले. रेडिएटर मोठा. बाकी इंजिन कंपनीने दिलं तसंच.

टायरपाशी मेस्त्रींना गणिताचा मास्तर भेटला. मालकाचा आतेभाऊ, मालवणात हवा आणि अलाइनमेंटचं दुकान. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी गाडी वळणात नाकाने बाहेर ओढते. टायर तिरका होऊन बाहेरच्या कडेवर झिजतो. यावर उपाय म्हणून पुढची चाकं वरून आत झुकवायची, सुमारे अडीच अंश, म्हणजे वळणात गाडी कलली की टायर पूर्ण टेकतो. हवेचं तर वेगळंच. थंड टायरमध्ये भरलेली हवा चार-पाच फेऱ्यांत तापून बरीच चढते. म्हणून मोजायची ती गरम असताना, गाडी आत आल्याआल्या. टायरच्या कडेला खडूची रेघ मारून ठेवायची. रेघ जिथपर्यंत पुसली, तिथपर्यंत टायर लोळला. आजही याहून स्वस्त उपकरण नाही.

[दृश्य: पहाट. आंबोली घाट. छोट्या ट्रकवर बांधलेली एस्टीम]

गाडी चालवत का नाही नेली? कलम 52. नोंदणीच्या कागदावर कंपनीने दिलेली जी वैशिष्ट्यं आहेत, ती बदलून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कायदा बाजूला ठेवला तरी कारण उरतंच: डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी नळी, आणि डोक्यावर हेल्मेट नाही. जी नळी ट्रॅकवर जीव वाचवते, तीच रस्त्यावरच्या साध्या धडकेत कवटी फोडू शकते. त्यामुळे ही गाडी आता रस्त्याची उरलेली नाही. मालकाच्या आईला ते अजून पटलेलं नाही. "सावंतवाडीक जाऊक तरी चलात ना?" असं त्यांनी कॅमेऱ्यासमोरच विचारलं.

आंबोली, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, सेलम. हजार किलोमीटरच्या घरात.

[दृश्य: करी स्पीडवे, पिट]

ट्रॅकवर पहिली गाठ पडते ती स्क्रूटिनीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या टेबलाशी. बॅटरी हाताने हलते का, कुठून गळतंय का, चाकाच्या जॉइंटमध्ये खेळ आहे का, आग विझवायचा सिलिंडर हाताच्या टप्प्यात आहे का, बाहेरून वीज तोडायचं बटण चालतं का. हेल्मेटसुद्धा मोटारसायकलचं चालत नाही. कारच्या शर्यतीचं हेल्मेट आतून आगीला तोंड देणारं असतं. मेस्त्री त्या अधिकाऱ्यामागे हात मागे बांधून फिरत होते. त्याने तळाचा वेल्ड बघून मान हलवली, तेव्हा ते बाजूला जाऊन तंबाखू मळू लागले.

मग झेंडे. पिवळा: पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा: मागून वेगवान गाडी येतेय. लाल: सत्र थांबलं. प्रकार टाइम अटॅकचा. गाड्या अंतराने सोडतात, एकमेकांना घासत शर्यत नाही, आपली सर्वांत वेगवान फेरी हाच निकाल.

पहिल्या सत्रात मालक सगळ्या वळणांत घाईने शिरला आणि सगळ्या वळणांतून रांगत बाहेर पडला. दुसऱ्यात त्याने आधी ब्रेक लावला, गाडी वळवली, आतली कड गाठली आणि मग अॅक्सिलरेटरवर पाय दिला. वेळ उतरली. करी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरवर आहे, तिथली विरळ हवा टर्बो नसलेल्या इंजिनाची चारेक टक्के ताकद खाते. मालकाने ही सबब मेस्त्रींना सांगून पाहिली. "सगळ्यांचीच खाता," ते म्हणाले.

तिसऱ्या सत्रात आपल्यापुढची एक गाडी, एस्टीमहून कितीतरी ताकदवान, सरळ रस्त्याच्या शेवटी वळलीच नाही. मातीत शिरून थांबली. माणूस सुखरूप, पिवळा झेंडा, दोरीने ओढत परत. पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागी, झाकण उघडलं तर ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं.

एस्टीम आपल्या गटात मधोमध राहिली. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा उतरल्या होत्या, खडूची रेघ पार पुसलेली.

परतीच्या वाटेवर हुबळीला जेवताना मालकाने पुन्हा कॅमशाफ्टचा विषय काढला. भाव काढून ठेवला होता, ओळखीचा माणूस देणार होता. मेस्त्रींनी ताक संपवलं. "इंजिनाक आसा ता पुरे. टायर घे." बराच वाद झाला, आतेभाऊ फोनवर मेस्त्रींच्या बाजूने बोलला, पण त्याचं टायरचं दुकान आहे हे मालकाने लगेच दाखवून दिलं. शेवटी टायर आले. कॅमशाफ्टची यादी मोबाइलमध्ये अजून आहे.