तीन हजार आरपीएमला काय होतं?

(टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन टर्बो. मागे बॉनेट उघडलेली गाडी.)

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या (एक्झॉस्टच्या) जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. डावीकडचा टर्बो एका हाताने सहज उचलता येतो. उजवीकडच्याला दुसरा हात लावावा लागतो. बसतात दोन्ही याच गाडीला. २ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, ७,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) रेडलाइन, म्हणजे कमाल मर्यादा. उजवीकडचा मी आधी घेतला, डावीकडचा दीड वर्षाने. मधल्या काळात जे कळलं ते इथे सांगतोय. त्यातलं बरंचसं लोकांनी मला आधीच सांगितलं होतं, ही गोष्ट वेगळी.

(बोट कॉम्प्रेसरच्या चाकाला हलकासा धक्का देतं. चाक आवाज न करता फिरत राहतं.)

हे चाक बघा. हवा दाबून इंजिनात पाठवतं ते हेच. त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. पूर्ण बूस्टवर हे मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारतं. याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला टर्बाइनचं चाक आहे. इंजिनातून बाहेर पडणारा वायू त्याच्यावर आदळतो तो साधारण ९०० अंश सेल्सिअसचा. दोन टोकांत अंतर वीतभरसुद्धा नाही. एका बाजूला भट्टी, दुसरीकडे बाहेरची हवा आणि मधे तेलाचा पातळ थर.

वाया जाणाऱ्या एक्झॉस्टकडून काम करून घ्यायची ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांची. पेटंट १९०५चं. टर्बो पुढे रुळला तो जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर. जहाजाचं इंजिन एकदा लागलं की तासन् तास एकाच चालीने चालतं. टर्बोला याहून सोयीचं काही नाही. गाडीत मात्र पाय सारखा वरखाली. सिग्नल, गिअर, वळण, ब्रेक, परत रेस. टर्बो निवडायची सगळी कटकट इथून सुरू होते.

१९७७ साली रेनोने सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमधली पहिली टर्बो गाडी उतरवली. दीड लिटरचं व्ही-६ इंजिन आणि त्याला एकच मोठा टर्बो. गाडी इतक्यांदा वाफा सोडत बंद पडायची की लोकांनी तिचं नाव 'पिवळी किटली' ठेवलं. जोर होता, पण ड्रायव्हरने पाय दिल्यावर तो यायला वेळ लागायचा. १९७९मध्ये त्यांनी एका मोठ्याऐवजी दोन छोटे टर्बो लावले आणि त्याच वर्षी दिजाँला ज्याँ-पिएर जाबुई यांनी टर्बो गाडीतून पहिली ग्रां प्री जिंकली. मोठा टर्बो घ्यायची मी जी चूक केली ती रेनोनेही केली होती. मला तेवढंच समाधान.

(डायनोचा कागद. शेवटाकडे उंच चढत गेलेली रेघ.)

हा मोठ्या टर्बोचा ग्राफ. डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, कोणत्या आरपीएमला किती ताकद ते असं काढून देतं. मी तो अभिमानाने ट्यूनिंग करणाऱ्या काकांना दाखवला होता. त्यांनी वरचा आकडा बघितलाच नाही. तीन हजारांवर बोट ठेवलं.

"इथे काय आहे?"

"काही नाही. बूस्ट साडेचार हजारांनंतर येतो."

"आणि तू रोज कुठे असतोस?"

मी गप्प. काकांनी अंगठ्याने ग्राफचा उजवा भाग झाकला. म्हणाले, "हा सोडून उरलेला बघ. ही तुझी गाडी. कंपनीतून स्टॉक आली होती त्यापेक्षा मंद आहे. आठवडाभर लॉग घे, मग बोलू."

लॉग घेतला, म्हणजे इंजिन किती आरपीएमला चालतं त्याची नोंद ठेवली. रोजच्या रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ १,८०० ते ३,५००च्या मधे. ते अपेक्षितच होतं. धक्का ट्रॅकच्या लॉगने दिला. मला वाटायचं मी तिथे सतत रेडलाइनला असतो. सरळ पट्ट्यावर खरंच होतो. पण तिसऱ्या गिअरमधल्या दोन हळू वळणांतून बाहेर पडताना सुई ३,८००ला होती आणि मी पाय पूर्ण दाबून टर्बोची वाट बघत होतो. प्रत्येक लॅपला, दोन्ही ठिकाणी.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण दोन्हींना सरसकट 'लॅग' म्हटलं जातं. एका ठरावीक आरपीएमच्या खाली एक्झॉस्टमध्ये टर्बो फिरवण्याइतका दमच नसतो. कितीही पाय द्या, बूस्ट भरत नाही. तो उंबरठा. त्याच्या वर गेल्यावरही पाय दिल्यापासून बूस्ट येईपर्यंत जो क्षण जातो, तो लॅग. माझा त्रास उंबरठ्याचा होता. मी मात्र बॉल बेअरिंगचा टर्बो घेऊन लॅगवर उपाय करत बसलो होतो. बॉल बेअरिंगने चाक लवकर वेग घेतं, खोटं नाही. पण ३,८००ला गॅसच कमी, तिथे बेअरिंग काय करणार?

(कोरा कागद. पेन्सिलने आकडे लिहिणारा हात.)

आता हिशोब. हा टर्बो घेण्याआधी करायचा असतो.

चार स्ट्रोकचं २ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत २ लिटर हवा ओढतं. ७,००० आरपीएमला मिनिटाला ७,००० लिटर. समुद्रसपाटीला एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे झाली ८.४ किलो. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ९० टक्के धरा. साडेसात किलो. आता १ बारच्या थोडा वर बूस्ट द्या आणि इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा) चांगला असेल तर हवा जवळपास दुपटीने दाट होते. मिनिटाला १४-१५ किलो. पेट्रोल इंजिनात मिनिटाला एक किलो हवेमागे अंदाजे २२ हॉर्सपॉवर मिळते. गुणून बघा. ३१०-३३०च्या आसपास येतं.

म्हणजे मला १५ किलो हवा देणारा टर्बो हवा होता. मी २५ किलोचा घेतला होता. "पुढेमागे लागेल" म्हणून.

(कॉम्प्रेसर मॅप. नकाशातल्या डोंगरासारखी एकात एक वर्तुळं.)

हा कॉम्प्रेसर मॅप. आडव्या अक्षावर हवा, उभ्यावर दाबाचं गुणोत्तर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब भागिले आत येणाऱ्या हवेचा. बूस्टच्या घड्याळात १ बार दिसला तर गुणोत्तर २, कारण वातावरणाचा १ बार त्यात धरायचा असतो. हे विसरणारे कमी नाहीत. मधलं वर्तुळ सर्वांत कार्यक्षम जागा. डाव्या कडेला सर्ज. तिथे हवा पुढे जायची सोडून उलटी फिरते आणि टर्बो खोकल्यासारखा आवाज करतो. उजव्या कडेला चोक. तिथून पुढे चाक कितीही फिरवा, हवा वाढत नाही, नुसती तापते.

किती तापते? २५ अंशांची हवा दुप्पट दाबाने दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७५ टक्के असेल, तर बाहेर पडते ११२ अंशांवर. कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली की १३४. घड्याळात बूस्ट तेवढाच, इंजिनात जाणारी हवा वेगळी. गरम हवा म्हणजे नॉकिंग (इंधनाचा आपोआप भडका), नॉकिंग म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे ओढणार, ठिणगी उशिरा टाकणार आणि दिलेला बूस्ट तिथेच वाया जाणार. म्हणून "किती बूस्ट चालवतोस?" या प्रश्नाला एकटा काही अर्थ नाही. तरी पहिला तोच विचारतात.

(टर्बाइनची बाजू. काजळी धरलेलं लोखंडी हाउसिंग, आतल्या शंखाकृती वाटेवर टॉर्चचा प्रकाश.)

कॉम्प्रेसरची चर्चा सगळे करतात. गाडीचा स्वभाव ठरतो तो या गरम बाजूला. चाकाचं सगळं माप सारख्या प्रमाणात वाढवलं तर त्याला फिरवायला लागणारं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. चाक फक्त १० टक्के मोठं करा, जडत्व ६० टक्क्यांनी जास्त. कॅटलॉगमध्ये दोन-चार मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पायाला तो किरकोळ लागत नाही.

हाउसिंगवर, म्हणजे चाकाभोवतीच्या या कवचावर, एक आकडा कोरलेला असतो, ए/आर. आतली शंखाची वाट किती रुंद आहे याचं ते माप. आकडा लहान तर गॅस चाकावर जोरात आदळतो आणि बूस्ट लवकर येतो. मोठा असला तर उशीर होतो, पण वरच्या आरपीएमला इंजिनाला श्वास घेता येतो. पुष्कळ टर्बोंना एकाच चाकासाठी दोन-तीन हाउसिंग मिळतात. नवा टर्बो घेण्याआधी हाउसिंग बदलून बघायचं मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्या) बदलायची तयारी असेल तर ट्विन स्क्रोलचा, म्हणजे दोन वेगळ्या वाटांच्या हाउसिंगचा, विचार जरूर करावा. चार सिलिंडरचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ असेल तर १ आणि ४ एका वाटेने, २ आणि ३ दुसऱ्या वाटेने टर्बोपर्यंत जातात. एकाचा एक्झॉस्ट दुसऱ्याच्या वाटेत येत नाही आणि खालचा जोर सुधारतो.

मग सगळ्यात छोटा टर्बो लावून मोकळं का होऊ नये? कारण स्टॉक टर्बोवर मी तेही करून बघितलं होतं, नुसता बूस्ट वाढवून. तीन हजारांना गाडी झेप घ्यायची आणि साडेपाच हजारांनंतर दमायची. टर्बाइनच्या आधीचा दाब मोजला तर बूस्टच्या दुपटीवर. एक्झॉस्टला बाहेर पडायला जागाच नाही, जळलेला गॅस सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि पुढच्या स्ट्रोकची हवा बिघडवतो. शिवाय छोट्या टर्बोचा भला मोठा टॉर्क कमी आरपीएमला येतो. तो आधी क्लच घसरवतो, आणि क्लच मजबूत केला तर कनेक्टिंग रॉडवर जातो.

(ट्रॅकवरून पिटमध्ये येणारी गाडी. बॉनेटवरून उठणारी गरम हवेची थरथर.)

ट्रॅक आणखी एक गोष्ट उघडी पाडतो. रस्त्यावर पूर्ण बूस्ट काही सेकंदच मिळतो, मग समोर कुणीतरी येतंच. ट्रॅकवर वीस मिनिटं सुटका नाही. पहिल्या लॅपला जोरात असलेली गाडी चौथ्या लॅपला मंद वाटली, तर टर्बोकडे बोट दाखवण्याआधी इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान बघा. तेलाचंही बघा. माझ्या मते मोठ्या टर्बोच्या आधी मोठा इंटरकूलर आणि ऑइल कूलर घ्यावा. ग्राफवर मिरवता येत नाहीत, म्हणून ते राहून जातात.

आणि पिटमध्ये आल्या आल्या चावी फिरवू नका. टर्बो लालभडक असताना तेलाचा प्रवाह थांबला तर बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून कोळसा धरतं. शेवटचा लॅप सावकाश मारायचा.

बसवतानाची एकच गोष्ट सांगतो, कारण ती मला नडली. टर्बोतून तेल परत जाणारी नळी जाड हवी आणि सबंध उताराची हवी. तिथे पंप नसतो, तेल आपल्या वजनाने खाली येतं. माझ्या नळीला एका ठिकाणी पोट पडलं होतं. तेल तुंबलं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये गेलं, निळा धूर. ज्या गॅरेजने बसवलं त्यांनी टर्बो गेला म्हणून सांगितलं. टर्बो ठणठणीत होता. शाफ्ट आजही बघा, बोटाने हलवला तर नावापुरता ढिलेपणा आहे.

इंजेक्टर, पेट्रोल पंप, मॅपिंग (ईसीयूची नवी आखणी) हे सोबत बदललंच असेल असं धरून चालतो. त्यांच्याशिवाय टर्बो बदलणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

(दुसरा डायनोचा कागद पहिल्याच्या शेजारी.)

हा डावीकडच्याचा ग्राफ. वरचा आकडा मोठ्या टर्बोपेक्षा पन्नास हॉर्सपॉवरने कमी. पण ३,२००ला पूर्ण बूस्ट. त्या दोन वळणांतून बाहेर पडताना आता स्टिअरिंग सरळ व्हायच्या आधी पाय जपून द्यावा लागतो. पहिल्या दिवशी तिथेच एकदा मागचा भाग सुटला.

उजवीकडचा टर्बो विकायला काढलाय. फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती हॉर्सपॉवर देतो?" मी आधी त्यांच्या इंजिनाचे लिटर विचारतो. दोघांनी त्यावर फोन ठेवून दिला.