नऊची शाळा आणि गल्लीतली आज्जी

सकाळचे पावणेनऊ, नाशिकचं सिडको. अंबड एमआयडीसीकडे निघालेल्या गाड्या, रिक्षा, सिटीलिंकची बस, सगळं एकदमच रस्त्यावर आणि त्यातच पहिली-दुसरीची पोरं पाठीवर दप्तर घेऊन कडेला उभी.

आधी असं नव्हतं. ताई सातच्या शाळेला निघाली की धाकटा तिचं बोट धरून सोबतच जायचा. 2024 मधे सरकारने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, पोरांची झोप पूर्ण होऊ द्या, आणि ते बरोबरच आहे, पण ताई सातलाच गेली, आईबाबा कामावर, मग धाकट्याने रस्ता कुणाचं बोट धरून ओलांडायचा?

म्हणून हे काका उभे राहतात. कंपनीतून रिटायर झालेले, अंगात चमकणारं जॅकेट, गळ्यात शिट्टी. नीट बघा, बस थांबली तरी काका तिच्या समोर नाही, तिच्या बाहेरच्या कोपऱ्याला उभे आहेत, कारण बस थांबली की तिच्या आडून एखादी बाईक सटकन पुढे येतेच, आणि बसआडचं पोरगं त्या बाईकवाल्याला दिसतच नाही. ताशी 40 ने आलेली गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच झेब्राचे पट्टे संपलेले असतात. म्हणून आधी काका हात करून मागची बाईक थांबवतात, मग शिट्टी, आणि मगच पोरं निघतात.

इकडे आज्जी. एका हाताने एकाच्या दप्तराचा पट्टा घट्ट धरलाय आणि खाली वाकून दुसऱ्याच्या बुटाची लेस बांधतायत. सुटलेली लेस घेऊन त्या कुणालाच रस्त्यात उतरू देत नाहीत. शाळा सुटताना अनोळखी माणूस न्यायला आला तर आधी घरी फोन, आईचा होकार आला तरच पोर हलतं, मग समोरचा कितीही चिडो. 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर तर पोरांकडून पाठच करून घेतलाय, कवितेसारखा.

यांना पगार नाही, पावती फाडायचा अधिकार नाही, कधीकधी गाडीवाले शिव्या देऊन जातात तेही ऐकून घ्यावं लागतं. तरी पावसाळ्यात छत्री घेऊन हजर. मला या लोकांचं खरंच खूप कौतुक वाटतं.

साडेबाराला ताई घरी येते. आज्जी ओट्यावर बसलेल्या असतात.

"आज्जी, आमचा गेला ना नीट?"

"गेला गं. लेस सुटली होती, बांधून दिली."