सारस आणि वीतभर पाणी

(पहाट. परसवाडा तलाव, जिल्हा गोंदिया. आधी आवाज, मग पक्षी.)

सारसाची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली असते, म्हणून हा आवाज तुतारीसारखा घुमतो. नीट ऐका, हाक एकाची नाही. सुरुवात मादी करते. नराच्या एका हाकेला तिच्या दोन. पंख पाठीवर उचललेला तो नर, मिटून उभी ती मादी. एरवी दोघं ओळखणं अवघडच.

उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, जवळपास सहा फूट. अंग करडं, पाय गुलाबी, डोक्या-मानेवर उघडी लाल कातडी. विणीच्या दिवसांत ती आणखी भडक होते. वाल्मीकींनी क्रौंचाला ‘ताम्रशीर्ष’ म्हटलंय. क्रौंच म्हणजे सारसच, असं मानणारे अभ्यासक याच शब्दावर बोट ठेवतात. जोडीदार गेला की दुसरा झुरून मरतो, ही मात्र ऐकीव गोष्ट. एकटा राहिलेला सारस पुन्हा जोडी जमवतो.

(धानाची बांधी, म्हणजे पाणी साठवलेलं भातखाचर. घरटं.)

लव्हाळा, देवधान (रानटी भात), उपटलेली रोपं यांचा हा ढीग दीड-दोन मीटर रुंद. अंडी बहुधा दोन. ३१ ते ३४ दिवस दोघं आळीपाळीने उबवतात. या दिवसांत सगळा खेळ पाण्याचा. पाणी हळूहळू चढलं तर जोडी काड्या रचत घरटं उंच करते. एका रात्रीत बांधी भरली तर अंडी बुडतात. उलट पाणी उतरलं, की घरट्याभोवतीचा खंदकच जातो आणि कुत्री पायी पोचतात. फोटोसाठी जवळ जाणाऱ्यांनी जोडीला उठवलं, तर कावळे टपलेले असतातच.

धोका दिसला की आईबाप हलकेच ‘कुर्रर्र’ करतात. पिल्लं जागच्या जागी निपचित पडतात. उडायला त्यांना तीनेक महिने लागतात. मग वीजतारा. सहा-सात किलोचा पक्षी धावत जाऊन उठतो, धुक्यात समोरची तार चुकवायला वेळ मिळत नाही. तारांना चमकत्या चकत्या लावणं किंवा त्या जमिनीखालून नेणं, हे दोनच खरे उपाय.

राज्यात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियात, थोडे भंडाऱ्यात. सगळे मिळून पन्नासही भरत नाहीत. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

घरट्यापायी थोडं धान जातं, हे खोटं नाही. पण बांधीत अंडी असतील तर धुरा (बांध) महिनाभर फोडू नका. पिल्लं आईबापामागून पलीकडच्या बांधीत उतरली, की खुशाल पाणी सोडा.