अंगठा

(दृश्य : म्हसवड, आठवडी बाजार, सकाळ)

नुकतं उजाडलंय. म्हसवडचा बाजार भरतोय. पोती सुटतायत, पालं ताणली जातायत, कांद्या-मिरचीचे ढीग लागतायत. सातारा जिल्ह्यातला हा माण तालुका. तिकडे महाबळेश्वर भिजत असतं, तेव्हा इथले ढग नुसते वरून निघून जातात.

ह्या मावशींचा हात बघा. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतो, ओठ जरा हलतात, आणि सुटे पैसे गिऱ्हाइकाच्या हातात. गरिबाला हिशेब कळत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं इथं येऊन एकदा भाजी घ्यावी.

(दृश्य : रस्त्याकडेचा भाता, ठिणग्या)

अशीच लोहारकाम करणारी एक बाई. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद हवा, म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. कर्ज नको होतं, नुसतं खातं. बँकेनं नाही म्हटलं. तेव्हा इथल्याच सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी ठरवलं, बायकांचीच बँक काढायची. अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि परत आला. अर्जदार बायका निरक्षर, सहीच्या जागी अंगठे.

मग साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. दिवसभर राबून आलेल्या बायका आपलं नाव गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळाच नव्हती, म्हणाल्या, त्यात आमचा काय दोष? वाचता नाही आलं तरी मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता करू दे, बघू आधी कोण सांगतं.

परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

(दृश्य : बँकेची प्रतिनिधी, हातात यंत्र)

पाल सोडून बँकेत गेलं की धंदा बुडतो, म्हणून बँकच पालापाशी येते. पासबुक घरी न्यायचं तर नवऱ्यापासून लपवावं लागे. कार्ड आलं, तर पिन कुणी बघितला म्हणजे? बायकांनीच सुचवलं, अंगठा ठेवा. तो कोण चोरणार?

कुणी शेळ्या घेतल्या, कुणी शिलाई मशीन. दुष्काळात हप्ता जड जातोच. २०१२ च्या दुष्काळात इथं जनावरांची छावणी उघडावी लागली होती.

(दृश्य : संध्याकाळ, बाजार उठतोय)

मावशी नोटा सरळ करतात, पेरांवर मोजतात. अंगठ्याची माती पदराला पुसतात आणि यंत्रावर टेकवतात.