मूठभर पिवळी पानं

मघाशी जिना चढताना एका बाईंनी मला गाठलं. पिशवीत हात घालून मूठभर पिवळी पानं काढली आणि म्हणाल्या, "रोज एवढी गळतात. फायकस गेलं का हो माझं?" मी विचारलं, जागा कधी बदललीत? तर तीन आठवड्यांपूर्वी, गच्चीतून बैठकीच्या खोलीत. मला वाटतं आजचं निम्मं व्याख्यान तिथंच झालं.

घरात ठेवतात ते फायकस बेंजामिना वड, पिंपळ, उंबर यांचं सख्खं भावंड. उघड्यावर वाढलेलं झाड उन्हाला साजेशी पानं करतं, लहान आणि जाड. प्रकाश मोजायचं माप म्हणजे लक्स; भर उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो. खोलीत खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलात की काही शे लक्स उरतात. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून आपल्याला तो फरक कळत नाही. झाडाला कळतो. उन्हाचं पान अंधाऱ्या कोपऱ्यात कमावतं कमी, खातं जास्त. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि पान सुटतं. पुढे नवी पानं येतात ती रुंद, पातळ, सावलीत भागवणारी.

घोळ होतो तो मधल्या काळात. पानं गळाली की आपण पाणी वाढवतो. पण पानं कमी झाली म्हणजे झाड पाणी ओढतंही कमी! माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, म्हणून झाड मान टाकतं, आणि आपण पुन्हा तांब्या घेऊन हजर. मी स्वतः एक फायकस असंच घालवलंय. आठवड्यात तीनदा जागा बदलली, कुंडी बदलली, वर खत. त्या झाडाला मरायलासुद्धा उसंत दिली नाही मी.

तेव्हा आधी झाड जिवंत आहे का ते बघा. बारीक फांदीवर नखानं हलकेच खरवडा. सालीखाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर थोडं खाली सरकून पुन्हा खरवडा. हिरवं लागेल तिथवर मेलेलं लाकूड कापा. पांढरा चीक येईल, तो त्वचेला झोंबू शकतो, हातमोजे घाला.

मग बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर आज पाणी नाही. आठवड्याचा वार ठरवून पाणी घालणारे लोक मला भेटतात. वार झाडाला कळत नाही. आठ-दहा दिवसांनीही माती ओलीच असेल, किंवा आंबूस वास येत असेल, तर मात्र कुंडीतून काढून बघावं लागेल. निरोगी मूळ घट्ट असतं. काळं, लिबलिबीत मूळ कापून टाका आणि नवी, पाणी चटकन निथळणारी माती द्या. मोठी कुंडी नको, तीही ओल धरून ठेवते.

जागा एकच, खिडकीजवळची, एसीच्या झोताबाहेरची. खत नवी पानं येईपर्यंत अजिबात नाही.

आणखी एक. पानं किंवा खालची फरशी चिकट लागली तर फांदीवरचे तपकिरी ठिपके नखानं उचकटून बघा. निघून आले तर ती खवले कीड. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसून काढा, दर आठवड्याला, महिनाभर तरी.

एवढं झालं की वाट बघायची. फांदीच्या टोकाला टोकदार सुरळी दिसेल. ती उलगडताना तिच्यावरचं पातळ आवरण गळून खाली पडतं. बाई, ते तेवढं पिशवीत भरून आणू नका.