लाइनरला पडलेली भोकं

मिस्त्रीच्या हातात इंजिनचा एक लाइनर आहे, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो ते. आतून बघा, गुळगुळीत, जवळजवळ आरसा. आता त्याने तो फिरवला. बाहेरच्या अंगावर, एकाच बाजूला, वरपासून खालपर्यंत टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. एका खड्ड्यातून तर आरपार उजेड दिसतोय.

इंदूरचं ट्रान्सपोर्ट नगर. सकाळचे नऊ, पोह्यांचे कागद अजून बंपरवरच. हा ट्रक मुंबईहून माल घेऊन आला तो तापतच. धामनोद सोडलं की मानपूरपर्यंत चढण, तिथे काटा लाल. मालकाला वाटलं, रेडिएटर चोंदलाय. मिस्त्रीने आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, ओढली. ऑइल दुधाळ. म्हणजे पाणी आत शिरलंय.

हे खड्डे नुसत्या गंजाचे नाहीत. मोठ्या डिझेल इंजिनात बहुधा ओला लाइनर असतो, त्याच्या पाठीला थेट कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, लागतं. आत डिझेल पेटलं की पिस्टन बाजूला धडकतो आणि लाइनर घंटेसारखा थरथरतो. त्या थरथरीने पाठीशी बारीक बुडबुडे उठतात. ते मिटताना धातूवर असा मारा करतात की कण सुटत जातो. ट्रकच्या कूलंटमध्ये यावर औषध असतं, कितीतरी कूलंटमध्ये नायट्राइटचं. ते लाइनरवर पातळ साय धरतं. बुडबुडा साय फोडतो, साय पुन्हा धरते. औषध संपलं की मार धातूलाच.

आणि औषध संपतं कसं?

“काका, घाटात गाडी उकळली तर ढाब्यावरचंच पाणी घालणार ना मी?” ड्रायव्हर धुळ्याचा. त्याचंही खोटं नाही. पण दर फेरीला चार लिटर साधं पाणी म्हणजे दर फेरीला कूलंट पातळ. वर बोअरचं पाणी माळव्याच्या काळ्या दगडातलं, क्षारांनी भरलेलं. घरच्या गिझरची कॉइल आठवा. तोच पांढरा थर इंजिनात बसतो आणि उष्णता अडवतो.

दुकानात लोक रंग बघून कॅन उचलतात. हिरवा, लाल, निळा. रंग म्हणजे फक्त रंग, कंपनी घालेल तो. बघायचं ते गाडीच्या पुस्तकात सांगितलेला प्रकार, आणि कॅनवर मोठ्या डिझेल इंजिनासाठी लिहिलंय का. दोन जातींची कूलंट एकत्र केली तर निदान आयुष्य तरी घटतं, कधी गाळही धरतो. निम्मं कूलंट, निम्मं डिमिनरलाइज्ड म्हणजे क्षार काढलेलं पाणी, हे नेहमीचं माप. असं मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. इंदुरात त्याचं काय करायचं म्हणा! आपल्याला हवं ते उकळण्याचं वर सरकलेलं तापमान आणि ते औषध. नुसतं कूलंट ओतणंही चूक, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

नवा लाइनर बसला. आता आतली घाण काढायची. इंजिन गार आहे, तरीही मिस्त्री रेडिएटरचं झाकण फडकं धरून हळूच फिरवतो. गरम इंजिनावर उघडलं तर उकळता फवारा थेट तोंडावर. खालचा कॉक उघडला, आणि ब्लॉकचा बोल्टही. हा बोल्ट बरेच जण विसरतात, मग जुनं पाणी तसंच आत राहतं. तांबूस पाणी ट्रेमध्ये पडतंय. कोपऱ्यातलं कुत्रं सरसावलं, मिस्त्रीने हाकललं. कूलंटमधलं ग्लायकॉल हे रसायन चवीला गोड आणि जहाल विष.

धुऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायचं. मग भरायचं ते सावकाश, हवेचा स्क्रू सैल ठेवून. हवा अडकली की काटा पुन्हा नाचतो. इंजिन चालू. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे वाट मोकळी करणारी झडप, उघडला तशी वरची नळी हाताला गरम लागली. टाकीतली पातळी उतरली. इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, तेवढं परत भरलं.

ड्रायव्हरच्या सीटमागे आता पाच लिटरचा कॅन आहे, मिसळून ठेवलेला. त्याने त्यावर खडूने मोठं लिहिलंय: पिऊ नये.