पाळी जायच्या वयात हार्मोन घ्यावेत का? मेडिकलच्या काउंटरवरून थोडं बोलते

नमस्कार मैत्रिणींनो.

दुकानात गर्दी असली की ती बाजूला उभी राहते. बाकीची गिऱ्हाइकं गेली की पुढे येते, काउंटरवर वाकते आणि हळूच विचारते, "ताई, अंगातून वाफा येतात, त्याच्यावर काही आहे का? हार्मोन नको हं. नैसर्गिक असेल तर द्या."

गेली २२ वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे. हे वाक्य इतक्या जणींकडून ऐकलंय की आज त्याच्यावरच बोलायचं ठरवलं. आता माझंही वय ४९ झालंय. मागच्या मार्गशीर्षात पहाटेच्या थंडीत मी पांघरूण भिरकावून पंखा पाचवर केला, तेव्हा तिचा तो हळू आवाज मला नीट कळला.

आधी त्या "नैसर्गिक"चं बघू.

१९४२ साली अमेरिकेत इस्ट्रोजेनची, म्हणजे बाईच्या अंडाशयात बनणाऱ्या हार्मोनची, एक गोळी बाजारात आली आणि पुढे कित्येक दशकं जगभर चालली. ती गाभण घोडीच्या लघवीतून काढलेली होती. आता याहून नैसर्गिक काय असणार? पण त्यातली काही संयुगं घोडीची होती, बाईच्या शरीरात ती कधी तयारच होत नाहीत. आज मी जे इस्ट्राडायोलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, जेल देते, ते प्रयोगशाळेत बनतं. कच्चा माल मात्र वनस्पतींचा, सोयाबीन किंवा आपल्या कोनफळाच्या कुळातले रानटी कंद. आणि तयार होणारा रेणू तुमच्या अंडाशयातल्या इस्ट्राडायोलसारखा हुबेहूब.

मग कोणी म्हणेल, तोच कंद खाल्ला तर? त्याचं क्रीम चोळलं तर? अशी क्रीमं ऑनलाइन विकली जातात. पण कंदातल्या द्रव्यापासून हार्मोन बनवायची रासायनिक प्रक्रिया आपलं शरीर करू शकत नाही. ती प्रयोगशाळेतच होते. त्यामुळे ते पैसे वाया.

सांगायचं हे, की "नैसर्गिक की हार्मोनचं" या प्रश्नाने आपली वाट चुकते. मी समोरच्या ताईंना चार गोष्टी विचारते. नेमका त्रास कोणता? वय किती, आणि पाळी जाऊन किती वर्षं झाली? गर्भपिशवी आहे की काढलीय? आणि आधी कुठला मोठा आजार झालाय का? उत्तर या चार गोष्टींवर ठरतं.

(कॅमेरा जवळ)

वाफा का येतात, ते थोडक्यात. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी अति जागरूक होतात. एरवी शरीराचं तापमान जरासं वर-खाली झालं तर मेंदू दुर्लक्ष करतो. आता तो तेवढ्यानेच घाबरतो आणि उष्णता बाहेर फेकायचा हुकूम सोडतो. छाती, मान, चेहरा लाल, घाम, धडधड, आणि दोन-चार मिनिटांनी थंडी. हे मनाचे खेळ नाहीत. आणि "सहा महिने काढ, जाईल" असं सासूबाई सांगतात ना, ते सगळ्यांना लागू होत नाही. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा ज्यांना वारंवार वाफा येतात त्यांच्यात हा काळ निम्म्या जणींना सात वर्षांहून जास्त पुरला. सात वर्षं अपुरी झोप म्हणजे काय, हे ती काढणारीलाच माहीत.

वाफांवर सगळ्यात प्रभावी इलाज इस्ट्रोजेनच आहे. मग इतकी भीती कशाची?

ती भीती जुलै २००२ मध्ये जन्मली. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर एक मोठी चाचणी सुरू होती. निम्म्या जणींना घोडीचं इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं औषध) एकत्र, निम्म्या जणींना बिनऔषधाची गोळी. चाचणी मध्येच थांबवली आणि बातमी आली, "हार्मोनमुळे स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो." जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या, डॉक्टरांनी लिहून देणं बंद केलं.

(स्क्रीनवर: १०,००० बायका, १ वर्ष. गोळीशिवाय ३०, गोळीसह ३८)

हे आकडे बघा. दहा हजार बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग होत होता, गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत ८ जास्त. त्या आठ जणी खऱ्या आहेत, त्यांना मी क्षुल्लक म्हणणार नाही. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या होत्या. पण मथळ्यात न आलेली गोष्ट अशी, की त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांनी हैराण होऊन डॉक्टरकडे जाणारी बाई आपल्याकडे पंचेचाळीस-पन्नाशीची असते. भारतात पाळी जायचं सरासरी वयच ४६-४७ च्या आसपास. आणि ज्यांची पिशवी काढलेली होती, त्यांना त्याच प्रकल्पात नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तेव्हा स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही.

नंतर हे सगळं वयाप्रमाणे वेगळं करून तपासलं गेलं. आज बहुतेक तज्ज्ञ संस्थांचं मत असं आहे: वय ६० च्या आत, किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत, त्रास बराच आणि आड येणारा आजार नाही, तर फायदा साधारणपणे धोक्यापेक्षा जास्त. साठीनंतर नव्याने सुरू करताना हिशोब बदलतो.

मला याचं फार वाईट वाटतं. एका मथळ्यामुळे माझ्या मावशीच्या वयाच्या बायकांना हा पर्याय आहे हे कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं, धोका समजावला असता, आणि मग त्या नको म्हणाल्या असत्या तर ती गोष्ट वेगळी होती.

आता ज्यांना डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय त्यांच्यासाठी. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेन एकटं कधीही घ्यायचं नाही. सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. कोणी येऊन "दोन्ही महाग पडतात, एकच द्या" म्हणाली की मी चिठ्ठी परत देते आणि आधी डॉक्टरांना फोन करायला लावते. गोळी पोटातून यकृतात जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवरचं जेल किंवा पॅच तो रस्ता टाळतो, म्हणून ज्यांचं वजन जास्त आहे किंवा रक्तदाब आहे त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा जेल निवडतात. जेल दंडावर किंवा मांडीवर लावायचं, वाळू द्यायचं, हात धुवायचे, आणि नातवाला लगेच कडेवर घ्यायचं नाही. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री, कारण तिने झोप येते. पुष्कळजणींना तीच झोप हवी असते.

स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव, तर पोटातून घ्यायचं किंवा त्वचेवर लावायचं हे हार्मोन सहसा देत नाहीत. शेजारणीची स्ट्रिप घेऊन येऊ नका, कृपा करून.

मग अशा बायकांनी काय करायचं? बिनहार्मोनची औषधं आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या कमी मात्रेत वाफा कमी करतात. रात्रीच्या वाफांसाठी गॅबापेंटिन देतात. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल तर नैराश्यावरच्या या गोळ्यांपैकी पॅरॉक्सेटिन टाळायचं, ते टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणतं. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतील तर दोन्ही एकदम दुकानात आणा, हे आम्ही बघू शकतो. मेंदूतल्या त्या जागरूक पेशींनाच शांत करणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. त्याच्यासोबत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

आता शतावरी, सोया, योग. इथे मला दोन्ही बाजूंचा राग पत्करावा लागणार आहे.

वाफांवरच्या चाचण्यांत एक गोष्ट सतत दिसते. नुसत्या खोट्या गोळीनेही वाफा बऱ्यापैकी कमी होतात. म्हणून "मला फरक पडला" एवढ्यावर औषध सिद्ध होत नाही. सोयातल्या आयसोफ्लेव्होनने काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, काहींत काहीच नाही. सोयाबीन खायला हरकत नाही, अपेक्षा मात्र माफक ठेवा. शतावरीच्या मागे वाफांसाठी मोठ्या, नीट केलेल्या चाचण्यांचा आधार नाही. ब्लॅक कोहोश नावाची परदेशी वनौषधी आणि आपली अश्वगंधा यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर पावडर बंद आणि डॉक्टरकडे. आणि डब्यावर घटक लिहिलेले नसतील तर तो डबा कितीही ओळखीच्या बाईने विकला तरी घेऊ नका.

योगासनं आणि चालणं यांनी वाफा थांबतात असा भक्कम पुरावा नाही. ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण झोप, मन, साखर, रक्तदाब, हाडं, तोल सांभाळणं, या सगळ्यासाठी ती हवीतच. वजन जास्त असेल तर कमी केल्याने वाफांवरही फरक पडू शकतो. वाफांचा जाच कमी करायला सीबीटी, म्हणजे विचारांवर काम करणारं समुपदेशन, उपयोगी ठरलंय. हाडांसाठी नाचणीची भाकरी, तीळ, दूध-दही, आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. सकाळी मिश्री लावणाऱ्या ताईंनो, मिश्री म्हणजेही तंबाखूच. तिच्याबद्दल एक वेगळा व्हिडिओ करेन.

एक त्रास तर हळू आवाजातही कोणी सांगत नाही. योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी आग, लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा. वाफा कधीतरी जातात, हे उपचाराशिवाय बहुधा वाढतच जातं. दर दोन महिन्यांनी लघवीच्या इन्फेक्शनची अँटिबायोटिक्स नेणाऱ्या साठीच्या आजी मी पाहिल्यात. त्यांना खरं तर तिथे लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमची गरज असू शकते. ते फार थोड्या मात्रेत असतं, रक्तात अगदी कमी उतरतं, आणि सत्तरीतही चालतं. फक्त स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारायचं.

पाळी जाऊन पूर्ण वर्ष झालं, आणि मग एक दिवस डाग दिसला, तर "पाळी परत आली" असं म्हणून घरी बसू नका. ती पाळी नसते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण ते गर्भपिशवीच्या कर्करोगाचं पहिलं लक्षणही असू शकतं. त्याच आठवड्यात तपासून घ्या.

(थोडं थांबून)

आता आपल्या मराठवाड्याबद्दल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी देशभर गेली. पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि पुष्कळजणी ऐन तरुण वयाच्या होत्या. पाळीत काम चुकलं की खाडा, खाड्याचे पैसे मुकादम कापणार, आणि अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलं की कोणीतरी म्हणणार, पिशवी काढून टाका, कटकट संपेल.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं गेली असतील तर तिशीतल्या पोरीची रजोनिवृत्ती एका दिवसात होते. हळूहळू सवय व्हायला वेळच मिळत नाही. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा बाईसाठी २००२ चा तो मथळा लागूच नाही. तिला निसर्गाने पन्नाशीच्या जवळपासपर्यंत दिलं असतं तेच हार्मोन आपण परत देत असतो. आड येणारा आजार नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत ते द्यावं, असाच सल्ला आहे. आणि नेमकं तिलाच ते मिळत नाही, कारण आपलं काय काय काढलं हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. अंडाशयं शाबूत असली तरी ती थोडी लवकर थकू शकतात, आणि पाळीच नसल्यामुळे कळायला खूण राहत नाही.

म्हणून तुमचं, बहिणीचं, घरी कामाला येणाऱ्या मावशींचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आज संध्याकाळी पत्र्याच्या पेटीतून किंवा कपाटातून डिस्चार्ज कार्ड काढा. ऑपरेशनच्या नावापुढे अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते बघा. वाचता आलं नाही तर कोणत्याही मेडिकलवर घेऊन जा, वाचून दाखवा म्हणा. कार्ड नसेल तर सोनोग्राफीत अंडाशयं आहेत की नाहीत हे बहुतेकदा दिसतं. ते उत्तर एका कागदावर लिहा, खाली वय, रोज किती वाफा, रात्री किती वेळा जाग येते ते लिहा, आणि तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी दवाखान्यात गेलात तरी हाच कागद न्या.